मुंबईत डेट नाइट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

कॉफी, पिक्चर, जेवण, घरी. यापलीकडे काही सुचत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हे आहे. नुकतंच जुळलेल्यांसाठी, लग्न ठरलेल्यांसाठी, आणि लग्नाला बरीच वर्षं झालेल्यांसाठी तर जास्तच. मुंबई म्हणताना त्यात ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई सगळं धरलंय, कारण खरे मुंबईकर आता तिथेच राहतात.

मॉल आणि मल्टिप्लेक्स सोडून मुंबईत करण्यासारखं आहे तरी काय?

भरपूर आहे, पण लोक सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. आधी जागा ठरवतात. रीलमधे कुठलातरी कॅफे दिसतो, मग कळतं की तो बांद्र्याच्या कुठल्याशा गल्लीत आहे आणि आपण मुलुंडला, शनिवारी संध्याकाळी सातला निघालो की रिक्षात तासाच्या वर, पोचल्यावर बाहेर वेटिंग, आणि टेबल मिळेपर्यंत दोघंही आपापल्या फोनमधे. मुंबईत आधी लाइन ठरवायची: सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर की मेट्रो. दोघांना जमेल असं स्टेशन धरा, तिथून चालत जाता येईल असं एक काहीतरी करायचं, एक काहीतरी खायचं, आणि परतीची गाडी डोक्यात ठेवायची, झाली डेट.

"काहीतरी करायचं" हे मी मुद्दाम म्हणते. नुसतं टेबलापाशी समोरासमोर बसलं की मुलगी बघायला आल्यासारखं होतं, शिक्षण किती आणि आवडीनिवडी काय. शेजारी शेजारी चालताना, काहीतरी बघताना, कुठल्या गाडीवरची भेळ घ्यायची यावर वाद घालताना माणूस आपोआप बोलतो. खाली जे काही सुचवलंय ते सगळं याच हिशोबाने.

बजेट नाहीये. पाचशे रुपयांत दोघांचं काही होईल का?

होईल आणि उरतील. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे फोर्टातली रात्रीची चाल. सीएसएमटीला उतरायचं, बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून एकदा त्या इमारतीकडे नीट बघायचं. रोज तिथून धावत गाडी पकडणाऱ्यांनी ती कधी बघितलेलीच नसते. १८८८ च्या सुमारास पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा, आणि रात्री दिवे लागले की दगडातले प्राणी, पानं, चेहरे सगळं उठून दिसतं. एकमेकांना चॅलेंज द्या, कोण जास्त प्राणी शोधतो. तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, फ्लोरा फाउंटन, मग हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटीची बाजू, राजाबाई टॉवर, आणि ओव्हल मैदान.

ओव्हलला आलात की थांबा, कारण इथे एक मजा आहे जी बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसते. मैदानाच्या एका बाजूला एकोणिसाव्या शतकातल्या टोकदार गॉथिक इमारती आणि बरोबर समोरच्या बाजूला १९३०-४० च्या दशकातल्या आर्ट डेको बिल्डिंगी, गोल बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, नावंसुद्धा त्या काळच्या अक्षरांत. या दोन्ही मिळून २०१८ मधे युनेस्कोच्या यादीत गेल्या. मैदान रात्री बंद असलं तरी रस्त्यावरून सगळं दिसतं. बिल्डिंगींची नावं वाचत चाला आणि ठरवा की लॉटरी लागली तर कुठल्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा, यावरून समोरच्याबद्दल बरंच कळतं.

मग चर्चगेटला के. रुस्तमचं आइस्क्रीम, दोन वेफरच्या मधे धरलेली जाड वडी. हातात घेतल्यावर फोटो काढत बसू नका, वितळतं. तिथून मरीन ड्राइव्ह पाच मिनिटांवर. चालून कंटाळा आला तर बस आहे, बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालंय, आणि त्या भागात एसी डबल डेकरपण धावते, वर पुढची सीट मिळाली तर सोडू नका.

मरीन ड्राइव्ह आता बोअर नाही झालं का?

नाही.

बरं, थोडं सविस्तर. साडेतीन किलोमीटरच्या वर लांबी आहे, पण सगळे येऊन मधल्या दोन पट्ट्यांतच बसतात. नरिमन पॉइंटला एनसीपीए थिएटरच्या टोकाला जा, तिथून दिव्यांचा सगळा कंठा एका नजरेत दिसतो. किंवा गिरगाव चौपाटीच्या टोकाला बसा म्हणजे कुल्फी, पावभाजी, बॅचलर्सचं ज्यूस सगळं हाताशी. आणि कठड्यापलीकडच्या त्या सिमेंटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर, टेट्रापॉडवर, उतरू नका. शेवाळ असतं, पाय अडकतो, मग फायर ब्रिगेड येते आणि तुमची डेट पेपरात छापून येते.

गर्दीच नको असेल तर कोस्टल रोडच्या कडेचा नवा समुद्रकिनारी रस्ता बघा, प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीच्या दिशेने जातो, ऑगस्ट २०२५ मधे लोकांसाठी उघडला. चालायला मोकळा आहे, पण खायला फारसं काही नाही, निघतानाच पोटाला आधार करून जा.

आम्ही दोघं लांब राहतो (बदलापूर आणि विरार!). लास्ट लोकलचं टेन्शन असतं.

असायलाच हवं. ज्याला लास्ट लोकलचं टेन्शन नाही तो मुंबईचा नाही. साधारण हिशोब असा की सेंट्रलला लांबच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीवरून रात्री बारा-सव्वाबाराच्या आसपास जातात, वेस्टर्नला चर्चगेटहून त्याच्याही थोडं पुढे, आणि मग पहाटे चारच्या सुमारास परत सुरू. पण टाइमटेबल बदलत राहतं, त्यामुळे त्या दिवशी एम-इंडिकेटर ऍप बघूनच निघा आणि शेवटची गाडी नाही तर तिच्या आधीची आपली असं समजा.

बदलापूर-विरार या जोडीसाठी दादर हे एकमेव उत्तर आहे. दोन्ही लाइन भेटतात, दोघांनाही उलटसुलट जावं लागत नाही. दादरला उगाच लोक नावं ठेवतात, रात्री आठनंतरचं दादर म्हणजे डेटसाठी केलेलं आहे, त्याचं पुढे सांगते. आणि रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) आहे का बघा. दुपारची भेट असेल तर मेगाब्लॉकने जितकी भांडणं लावलीत तितकी एक्सने पण लावली नसतील.

नाटकाला डेट म्हणून घेऊन जाणं जुनाट वाटेल का?

उलट. पिक्चरमधे तीन तास अंधारात बसून एकमेकांशी बोलायचं नसतं. नाटकात मध्यंतर असतं, आणि मराठी नाटकाचं मध्यंतर म्हणजे बटाटावडा, चहा, आणि "पहिला अंक कसा वाटला?" या प्रश्नावर दहा-पंधरा मिनिटांची हक्काची गप्पा. समोरचा माणूस कुठे हसला, कुठे गप्प झाला, हे तुम्हाला शेजारी बसून कळतं.

सोपा प्लॅन. शनिवार-रविवार, दादरचं शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याचं यशवंत. प्रयोग साधारण दुपारी चार किंवा रात्री आठ-साडेआठला असतात. तिकीट ऑनलाइन मिळतं, पण तिकीट खिडकीवर प्लॅन बघून सीट निवडण्यात वेगळी मजा आहे, आणि बाल्कनी स्वस्त पडते. दुपारचा प्रयोग घेतला तर बाहेर पडल्यावर अख्खी संध्याकाळ हातात: प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, किंवा आस्वादची मिसळ, मग शिवाजी पार्कचा कट्टा. कट्ट्यावर जागा मिळाली नाही असं होत नाही, कोणीतरी सरकून देतं. अजून चालायचं असेल तर चैत्यभूमीजवळ समुद्रावर जो व्ह्यूइंग डेक बांधलाय (२०२२ मधे झाला) तिथून सी लिंकचे दिवे समोर दिसतात.

वेगळं काही हवं असेल तर जुहूचं पृथ्वी. १९७८ पासून आहे, जेमतेम दोनशे सीट, त्यामुळे नटाच्या कपाळावरचा घामपण दिसतो. एकच गोष्ट, उशीर झाला तर आत सोडत नाहीत, कितीही विनवण्या करा. ट्रॅफिकचं कारण तिथे चालत नाही. बाहेरचा कॅफे मात्र नाटक न बघताही बसण्यासारखा आहे. प्रायोगिक, संगीत वगैरे आवडत असेल तर एनसीपीए. आणि एकदा तरी चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसमधे काहीतरी बघा, काय चाललंय यापेक्षा छताकडेच जास्त बघाल. १९११ ची इमारत, कित्येक वर्षं बंद होती, २०१६ मधे परत उघडली.

आम्हाला बसायला जागाच नाही. कुठेही बसलं की लोक बघतात, पोलीस हटकतात. काय करायचं?

हा खरा मुंबईचा प्रश्न आहे, बाकीचे सगळे हौसेचे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, तर जोडपी समुद्राकडे तोंड करून बसणार नाहीत तर काय करणार? बँडस्टँडला, वरळीला, रांगेने छत्र्या उघडून बसलेल्या जोडप्यांना हसणाऱ्यांना मी नेहमी विचारते, तुमच्या घरात बेडरूम किती?

कायद्याचं साधं सांगते. हात धरून बसणं, खांद्यावर डोकं ठेवणं हा गुन्हा नाही. सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे, आणि असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११०. सहसा धमकी याच ११० ची दिली जाते, कारण "असभ्य" कशाला म्हणायचं ते समोरच्याच्या मूडवर असतं. हटकलंच तर आवाज चढवू नका, उठा, चालायला लागा, बहुतेक वेळा तिथेच संपतं. पैसे मागितले तर पावती मागा, नाव आणि पोलीस ठाणं विचारा. घरी फोन करतो अशी धमकी देतात, तर दोघं सज्ञान असाल तर त्याला काही अर्थ नाही. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती लागते, महिला अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, एवढं दोघांनाही पाठ असू दे. पोलीस नसून कोणी टोळकं त्रास देत असेल तर ११२, किंवा मुंबईत महिलांसाठी १०३.

आणि प्रॅक्टिकल सल्ला: निर्जन जागा शोधू नका. लोकांना वाटतं एकांत म्हणजे अंधार, पण मुंबईत एकांत गर्दीतच मिळतो, जिथे कोणालाच कोणाकडे बघायला वेळ नाही. आरेच्या जंगलात रात्री तर अजिबात नको, तिथे पोलीस परवडले, बिबटे खरे आहेत.

लग्न झालेलं नाही, हॉटेलमधे रूम घेतली तर प्रॉब्लेम येतो का?

दोघं अठरा वर्षांवरचे, दोघांकडे ओळखपत्र, तर लग्न नसलेल्या जोडप्याला रूम देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. पण हॉटेलं स्वतःचे नियम लावतात, "लोकल आयडी चालत नाही" हा त्यातला सगळ्यात कॉमन, म्हणजे आधारवर मुंबईचाच पत्ता असेल तर नाही. आधी फोन करून विचारा. ऑगस्ट २०१५ मधे मढ-अक्सा भागात हॉटेलांवर धाडी टाकून पोलिसांनी जोडप्यांना उचललं होतं, कलम ११० लावून दंड घेतला, त्यावर इतका आरडाओरडा झाला की पोलिसांनाच चौकशी लावावी लागली. तेव्हापासून वातावरण जरा सुधारलंय, पण फार स्वस्त, बोर्ड नसलेली, तासावर मिळणारी ठिकाणं टाळा. पडदे लावलेले "कपल कॅफे" पण.

ऍपवर भेटलो, पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटतोय. कुठे?

स्टेशनजवळ, उजेडात, तासाभराचं. जेवण नको, चहा-कॉफी. आवडलं तर वाढवता येतं, नाही आवडलं तर "माझी फास्ट आहे ८:४२ ची" हे मुंबईतलं सगळ्यात सभ्य कारण आहे, कोणी वाईट वाटून घेत नाही. माझं मत विचाराल तर माटुंगा. स्टेशनजवळ उडुपी हॉटेलं, फिल्टर कॉफी, डोसा पंधरा मिनिटांत समोर, वेटर तुम्हाला रेंगाळू देत नाही हेच चांगलं. मग वाटलं तर किंग्ज सर्कलला माहेश्वरी उद्यानापाशी फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात, तिथे जा आणि दोनशे रुपयांच्या आत एकमेकांसाठी एक पुस्तक निवडा. काय निवडलं त्यावरून पुढचं ठरवा.

मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवा, जाताना-येताना स्वतःचं स्वतः. घरी सोडतो म्हणाला तर थँक्यू म्हणा आणि ट्रेन पकडा. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो.

पावसाळ्यात काय?

पावसाळ्यात बाहेर पडायचं ते भरतीचं टाइमटेबल बघून. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, साडेचार मीटरच्या वर असेल तर त्या वेळेला समुद्राच्या काठाला जाऊच नका, लाटा रस्त्यावर येतात आणि पोलीसही हटवतात. इतर दिवशी वरळी सी फेसला मक्याचं कणीस, लिंबू-मीठ-तिखट, एक छत्री दोघांत. यापेक्षा रोमँटिक काही अजून निघालेलं नाही, माफ करा.

धो धो असेल तर छपराखाली. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बघा (बुधवारी बंद असतं), आतमधे जुन्या मुंबईची छोटी छोटी मॉडेल्स आहेत, कोण काय विकायचं, कसे कपडे घालायचे, तास कसा जातो कळत नाही. पण ते संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे दुपारीच. पिक्चरच बघायचा असेल तर चर्चगेटचं इरॉस, १९३८ चं थिएटर, २०२४ मधे आयमॅक्स होऊन उघडलंय. गोवंडीत पाणी, सायनला पाणी असं ग्रुपवर यायला लागलं की मात्र हिरोगिरी न करता घरी.

लग्नाला दहा वर्षं झाली. मूल आहे, सासू-सासरे आहेत. "डेट" म्हटलं की हसतात.

हसू दे. यात अडचण अशी असते की रात्री बाहेर पडायचं म्हणजे घरात जाहीर करावं लागतं, मग आईंना विचारा, मुलाचं जेवण, अभ्यास, आणि "इतक्या रात्री कुठे?" त्यामुळे नाइटचा हट्ट सोडा. अर्धा दिवस सुट्टी टाका. दोघांनीही. घरी सांगायचंसुद्धा कारण नाही, नेहमीसारखं डबा घेऊन निघायचं आणि दुपारी एकला बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात भेटायचं. बेरी पुलाव, कॅरॅमल कस्टर्ड. १९२३ पासूनचं इराणी हॉटेल आहे आणि फक्त दुपारीच चालू असतं, म्हणजे रात्रीच्या डेटवाल्यांना ते कधी मिळतच नाही, तेवढा आपला फायदा. डबा? ऑफिसात कोणालातरी द्या.

रात्रीच हवं असेल तर जेवणं झाल्यावर "जरा पान खाऊन येतो" हे वाक्य अजूनही चालतं. पान खायचं, पुढच्या चौकापर्यंत चालत जायचं, येताना सगळ्यांसाठी आइस्क्रीमचा फॅमिली पॅक. तक्रार करायला कोणी उरत नाही. आणि गच्ची! सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किल्ली मिळवा. कोजागिरीला सगळी बिल्डिंग वर असते, तर दुसऱ्या रात्री जा, चंद्र जवळजवळ तेवढाच असतो आणि गच्ची रिकामी, मसाला दूध थर्मासमधे.

मुलाला सासू-सासऱ्यांकडे ठेवताना त्यांना पण कधीतरी नाटकाची दोन तिकिटं काढून द्या. हिशोब बरोबर राहतो.

रात्री अकरानंतर खायला काय मिळतं?

कागदावर जानेवारी २०२० पासून मुंबईत दुकानं-हॉटेलं चोवीस तास चालू ठेवायची मुभा आहे, प्रत्यक्षात बरीच साडेबारा-एकला शटर ओढतात. कुलाब्याला ताजच्या मागे बडेमियाँ, भेंडी बाजारात ताज आइस्क्रीम (१८८७ पासून हाताने फिरवून करतात, सीताफळाचा सीझन असेल तर तेच घ्या). रमझानमधे मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी, पण गर्दी प्रचंड, ज्यांना धक्काबुक्की सहन होत नाही त्यांनी जाऊ नये. आणि कुठल्याही स्टेशनाबाहेर बुर्जीपाव. बुर्जीपावला तोड नाही, हे माझं ठाम मत आहे आणि मी वाद घालणार नाही.

बोटीतून कुठे जाता येईल? क्रूझ वगैरे महाग असतात.

क्रूझ कशाला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून मढला बोट जाते, खाडी ओलांडायला दोन-चार मिनिटं, बाइकपण चढवतात. पलीकडे उतरून चहा घ्यायचा आणि परत यायचं, बस, एवढंच, पण सूर्यास्ताच्या वेळेला केलं तर फोटो असे येतात की मैत्रिणी विचारतात कुठे गेला होतात. गेटवेहून बंदरातली फेरी मारणाऱ्या लाँच असतात, वरच्या डेकवर बसा. दिवसभराचा वेळ असेल तर गेटवेवरून मांडवा. पावसाळ्यात यातलं बहुतेक सगळं बंद असतं आणि इतर वेळीही शेवटची परतीची बोट कधी हे चढायच्या आधी विचारा. अडकलात तर घरी काय सांगणार?

खरंच काहीतरी हटके, आयुष्यभर लक्षात राहील असं?

आकाशदर्शन. मुंबईत तारे दिसत नाहीत, पण कर्जत लाइनवर वांगणीला दिसतात. सायनचं खगोल मंडळ गेली अनेक वर्षं हिवाळ्यात तिथे रात्रभराचे कार्यक्रम करतं, अमावास्येच्या आसपास, टेलिस्कोप असतात, समजावून सांगणारे असतात. सतरंजी, स्वेटर, टॉर्च घेऊन जायचं, रात्रभर उघड्यावर. मृग, कृत्तिका, नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसणारी देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश निघून पंचवीस लाख वर्षं झालीत, हे ऐकल्यावर कालचं भांडण कशावरून होतं तेच आठवत नाही. वर फायदा असा की शंभर माणसं आजूबाजूला असतात, घरी सांगायला "खगोलशास्त्राचा कार्यक्रम" आहे, आणि ते खोटंही नाही. थंडीत पहाटे चार वाजता दोघांत एक शाल असेल तर शास्त्राचं पुढे काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

एवढं लांब नको असेल तर वरळीचं नेहरू तारांगण. मराठीत पण शो असतो, सोमवारी बंद, आणि शो संध्याकाळी लवकर संपतात.

रात्र जागायचीच असेल तर पहाटे कुठे?

दादरचा फुलबाजार, स्टेशनच्या पश्चिमेला, पहाटे चारपासून. झेंडूचे डोंगर, निशिगंध, सोनचाफा, ओली जमीन, आणि डोक्यावर हारे घेऊन "साइड साइड" ओरडत येणारी माणसं, रस्त्याच्या मधे उभं राहून सेल्फी काढलात तर शिव्या खाल, आणि त्या योग्यच असतील. गजरा घ्या, सकाळी ताजा असतो आणि सिग्नलवरच्यापेक्षा स्वस्तही. ससून डॉक पण सुचवतात लोक, १८७५ ची गोदी, पहाटे मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो हे खरं, पण वास, चिखल, आणि फोटोला परवानगी लागते. दोघंही मासेखाऊ असाल तरच जा, आणि चपला जुन्या घाला.

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईवाल्यांनी दरवेळी साउथ बॉम्बेलाच यायचं का?

मुळीच नाही. ठाण्यात तलावपाळीला बोटिंग आहे, काठावर गडकरी रंगायतन, नाटक सुटलं की तलावाला एक चक्कर. मामलेदारची मिसळ दुपारी खा, रात्रीसाठी ती नाही, आणि पहिल्या डेटला तर "तिखट" अजिबात मागवू नका, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना कोणी सुंदर दिसत नाही. नवी मुंबईत वाशीचं सागर विहार, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान, रस्ते रुंद, पार्किंग मिळतं, मुंबईकरांना हेवा वाटावा असं.

डोंबिवलीकरांना मी काय सांगणार, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड! नवे कपडे घालून अख्खं गाव तिथे उभं असतं. कित्येक जोड्या तिथे जुळल्यात आणि कित्येक घरच्यांनी तिथेच पकडल्यात.

मोठ्या सणांच्या दिवसांत डेट शक्य आहे का?

गणपतीत तर सगळ्यात सोपी, कारण रात्रभर बाहेर राहायला घरूनच परवानगी असते. लालबागच्या मोठ्या रांगेत उभे राहू नका, तिथे तासन्‌तास जातात आणि प्रेम पण. गिरगावात खेतवाडीच्या गल्ल्या घ्या, एकापाठोपाठ एक गणपती, चालत चालत. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा फेस्टिव्हल असतो, फुकट, पण वीकेंडला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर. व्हॅलेंटाइन्स डेला बाहेर जेवायला जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्या दिवशी घरी पिठलं-भात करा आणि पंधराला जा. तेच टेबल, तेच जेवण, सेट मेनूचा जाच नाही.

बिल कोणी द्यायचं?

टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, पहिल्या भेटीला सगळ्यात बरं. पुढे एकाने नाटकाची तिकिटं काढली तर दुसऱ्याने खाणं, असं आपोआप बसतं. जी व्यक्ती यूपीआयवर भेळेचे साडेबत्तीस रुपये मागते तिच्याबरोबर काय करायचं ते मला विचारू नका.